घाणा एक, दिवस चार



दिवाळीत चकल्या तळताना 'हा शेवटचा घाणा' असे घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. कढईत एका वेळी मावेल तेवढा माल म्हणजे एक घाणा. तेल्याच्या घाण्यात एका वेळी टाकायच्या तिळांनाही हाच शब्द आहे. फराळ, वाळवण, लोणची ही कामे आपल्याकडे पूर्वीपासून अशीच घाण्याने होत आली आहेत. वर्षाची किंवा महिन्याची बेगमी एका बैठकीत करायची आणि पुढे निवांत व्हायचे, हा त्यामागचा हिशेब होय.

आता हाच हिशेब रोजच्या जेवणालाही लावण्याची वेळ अनेक घरांवर आली आहे. पनवेलचेच उदाहरण घ्या. १९९८ साली हार्बर मार्गाची लोकल पनवेलपर्यंत आली. पनवेल ते मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे लोहमार्गाचे अंतर सुमारे ४९ किलोमीटर आहे आणि लोकलला त्यासाठी साधारण ८० मिनिटे लागतात. म्हणजे जाऊनयेऊन दोन तास चाळीस मिनिटे केवळ गाडीत! ज्या घरातील आईवडील दोघेही असा प्रवास करतात, तेथे संध्याकाळी दिवा लागल्यावर कांदा चिरायला घेणे जिवावर येते. मग रविवारी सकाळी तीन-चार दिवसांची तयारी एकदम करून ठेवायची, असे ठरते.

हे काम वरवर सोपे दिसते. परंतु मांडणी चुकली तर रविवारची सारी सकाळ ओट्याशी जाते आणि माणूस सोमवारी दमलेलाच कामावर निघतो. आणि निवणीचा व साठवणीचा नियम चुकला तर त्याहून वाईट होते: एका पातेल्यातले अन्न चार दिवस सारे घर खाणार असते, म्हणून एक चूक सर्वांना आजारी पाडू शकते. तेव्हा या घाण्यामागचे विज्ञान समजून घेऊ. तुम्ही शाळेत शिकलेले गणित आणि भौतिकशास्त्र येथे तंतोतंत उपयोगी पडते.

आधी वेळेचे गणित

समजा, चार माणसांच्या घरात रविवारी पुढील कामे करायची आहेत. मिनिटे अंदाजाने धरली आहेत. तुमच्या घरी घड्याळ लावून ती दुरुस्त करा.

१. भिजवलेले छोले कुकरमध्ये शिजवणे व वाफ जिरू देणे: ५० मिनिटे
२. तूरडाळ व बटाटे कुकरमध्ये शिजवणे व वाफ जिरू देणे: ३० मिनिटे
३. कांदा-खोबरे भाजणे: २० मिनिटे
४. ते निवल्यावर वाटण वाटणे: १० मिनिटे
५. भाज्या निवडणे, धुणे, चिरणे: ४० मिनिटे
६. शेंगदाणे भाजणे व कूट करणे: १५ मिनिटे
७. ओले खोबरे खवून हिरवे वाटण करणे: १५ मिनिटे
८. भांडी घासणे, ओटा पुसणे: २० मिनिटे

बेरीज करा. २०० मिनिटे, म्हणजे तीन तास वीस मिनिटे होतात. पण ही बेरीज एकामागून एक काम केले तरची आहे. आता नीट पाहा: पहिल्या दोन कामांत कुकर गुंतलेला असतो, आपले हात मोकळे असतात. ती ८० मिनिटे बाजूला काढली तर हातांचे काम उरते १२० मिनिटांचे. म्हणून सर्वांत आधी कुकर चढवावा आणि मग बाकीच्या कामांना हात घालावा. केवळ क्रम बदलल्याने एकट्या माणसाचे काम सुमारे दोन तासांत आटोपते. जो आधी भाजी चिरतो आणि मग कुकरची आठवण करतो, तो पुढे कुकरच्या तोंडाकडे पाहत बसतो.

आता तुम्ही मदतीला आलात. हातांचे काम दोघांत वाटले, प्रत्येकाच्या वाट्याला ६० मिनिटे आली. मग सारे काम तासाभरात होईल का? नाही. कुकर एकच असल्याने त्याची ८० मिनिटे कोणी कमी करू शकत नाही. दोघांच्या जागी चौघे आले तरी उत्तर ८० मिनिटेच राहील. ज्या ठिकाणी काम तुंबते ती जागा सारा वेळ ठरवते. कारखान्यातील अभियंता पहिल्यांदा हीच जागा शोधतो. दुसरा कुकर मिळाला तर मात्र चित्र बदलते. ते किती बदलते, हे तुम्हीच काढून पाहा.

काही कामे तर झोपेतही होतात! छोले शनिवारी रात्री भिजत घालावेत. आठ-दहा तासांत ते पाणी पिऊन फुगतात. फुगून त्यांचे वजन जवळजवळ दुप्पट होते, म्हणून भांडे मोठे घ्यावे. मटकीला मोड हवे असतील तर ती शुक्रवारी रात्री भिजवून शनिवारी सकाळी फडक्यात बांधावी लागते. म्हणजे रविवारच्या घाण्याचा आरंभ खरोखर शुक्रवारी होतो.

कुकर इतका उपयोगी का, तेही पाहू. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते. आच कितीही मोठी केली तरी ते त्याहून तापत नाही, फक्त वाफ अधिक होते आणि गॅस वाया जातो. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांना उकळते. तापमान १० अंशांनी वाढले की शिजण्याची क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम धरला तर २० अंशांनी ती चौपट वेगाने होईल. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ याने १६७९ साली लंडनमध्ये असे वाफ कोंडणारे भांडे दाखवले होते आणि त्याला सुरक्षेची झडपही त्यानेच पुढे बसवली. आपल्या कुकरची शिट्टी व झडप त्याच घराण्यातली. कुकर उघडण्याचे काम मात्र मोठ्या माणसांकडेच असू द्या.

मग जागेची मांडणी

पनवेल ही १८५२ सालची नगरपालिका. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. जुन्या गावातील वाड्यांत स्वयंपाकघरे ऐसपैस असत, पाटा-वरवंटा एका कोपऱ्यात आणि मोरी दुसऱ्या. नवीन पनवेल व आसपासच्या वसाहतींतील सदनिकांत मात्र ओटा चार पावलांत संपतो. जागा लहान म्हणजे गैरसोय, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही.

१९२६ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात कामगारांसाठी हजारो घरे बांधली जात होती. त्यांच्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी केला. खोली जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब! बाईंनी अभ्यास केला तो रेल्वेच्या भोजन-डब्यातील स्वयंपाकघराचा. चालत्या गाडीत एवढ्याशा जागेत इतक्या माणसांचे जेवण निघते ते कसे? तर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि हात लांबवला की ती मिळते. पावले वाचली म्हणून वेळ वाचला. असे सुमारे दहा हजार ओटे फ्रँकफर्टमध्ये बसवले गेले. आजचे आपले सलग ओटे त्याच विचाराचे वारस आहेत.

तुमच्या घरी एक प्रयोग करा. स्वयंपाकघराचा नकाशा कागदावर काढा. रविवारी काम चालू असताना करणारा माणूस जिकडे जाईल तिकडे पेन्सिलीची रेघ ओढत जा. अर्ध्या तासात कागदावर कोळ्याचे जाळे दिसेल. ज्या दोन ठिकाणांमध्ये रेघांची गर्दी आहे, ती ठिकाणे जवळ आणा. मिसळणाचा डबा, तेलाची बुधली आणि मीठ शेगडीच्या हाताशी. सुरी, चिरण्याची फळी आणि साली टाकायचे ताट एकत्र. सांडशी नेहमी एकाच खिळ्याला, असे केले की जाळे विरळ होते.

दुसरा नियम एकेरी वाहतुकीचा. धुण्याची जागा, चिरण्याची जागा, शेगडी, निवण्याची जागा आणि शेवटी फ्रीज, असा माल एकाच दिशेने सरकावा. शिजलेले अन्न परत मागे, कच्च्या मालाकडे जाता कामा नये. असे का? कच्च्या भाजीला माती असते आणि मातीत जंतू असतात. मासे व मटण यांवर तर ते पुष्कळच असतात. शिजवल्याने बहुतेक जंतू मरतात खरे. पण ज्या फळीवर सकाळी कोलंबी सोलली, त्याच फळीवर उकडलेला बटाटा कापला तर मेलेल्यांच्या जागी जिवंत जंतू येऊन बसले! म्हणून मासळीची फळी व सुरी निराळी ठेवावी, तिचे काम सर्वांत शेवटी करावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ओटा पुसायचे फडके दर वेळी धुऊन वाळवावे. पावसाळ्यात पनवेलच्या दमट हवेत ते वाळत नाही आणि ओले फडके हेच जंतूंचे घर होते. त्या दिवसांत दोन-तीन फडकी जादा असू द्यावीत.

आणखी एक सूचना. घाण्याच्या दिवशी शेगडी दीड-दोन तास पेटलेली असते, तेव्हा खिडकी उघडी हवी. सिलिंडरातला वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. त्याला स्वतःचा वास नसतो, तो कळावा म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. वास आला तर विजेचे बटण दाबू नये, ना चालू ना बंद. दारेखिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि मोठ्यांना हाक मारावी.

सर्वांत महत्त्वाचे: निववणे

अन्न शिजवणे सर्वांना येते. ते निववणे मात्र अनेकांना येत नाही. घाण्याच्या स्वयंपाकात खरा धोका येथे आहे.

६० अंशांच्या वर जंतू वाढू शकत नाहीत. ५ अंशांच्या खाली बहुतेकांची वाढ अगदी मंदावते. मधला पट्टा धोक्याचा. त्यातही शरीराइतक्या कोमट अन्नात काही जंतू दर २० मिनिटांना दुप्पट होतात. एका जंतूपासून आरंभ केला तर तासात तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठ. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट. गुणाकार करून पाहा: २,६२,१४४! सकाळी दहाला ओट्यावर ठेवलेले पातेले दुपारी चारपर्यंत 'निवतच' राहिले तर काय होते, ते यावरून ध्यानात येईल.

तुम्ही म्हणाल, शिजवताना जंतू मेले, मग हे आले कोठून? काही हवेतून व हातांतून येतात. पण काही आतच असतात. तांदळात आढळणारा बॅसिलस सीरियस नावाचा जंतू प्रतिकूल काळात स्वतःभोवती कठीण कवच करून बीजाणू बनतो. हा बीजाणू भाताच्या उकळीतही जगतो. भात कोमट झाला की तो जागा होतो, वाढतो आणि विष तयार करतो. हे विष पुन्हा भात गरम केला तरी नष्ट होत नाही. 'नंतर खळखळून गरम करू' हा उपाय म्हणूनच पुरा पडत नाही. यावरून घाण्याचा एक सरळ नियम निघतो: भात रोज ताजा करावा. तो वीस मिनिटांत होतो, त्याला साठवून वेळ वाचतो थोडा आणि धोका फार. उरलाच तर लगेच पसरून निववावा, फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा.

आता प्रश्न असा की, छोल्यांचे पातेले लवकर निववायचे कसे? येथे भूमिती मदतीला येते. २० सेंटिमीटर व्यासाचे आणि तितकेच खोल भरलेले पातेले घ्या. त्यात सुमारे ६.३ लिटर माल मावतो. त्याचा वरचा उघडा पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटिमीटर. तोच माल परातीत आणि थाळ्यांत ५ सेंटिमीटर जाडीने पसरला तर पृष्ठभाग सुमारे १,२५७ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे चौपट. उष्णता बाहेर पडायला चार दारे उघडली! शिवाय मधल्या मालाची उष्णता पृष्ठभागापर्यंत येण्याचे अंतरही कमी झाले. घट्ट पदार्थाची जाडी निम्मी केली तर निवण्याचा वेळ निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. थाळा थंड पाण्यात ठेवला असेल तर तो चौथ्या हिश्शापर्यंत खाली येऊ शकतो.

थंड पाणी कशासाठी? पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट चांगले उष्णतावाहक आहे. परातीत गार पाणी घालून त्यात पातेले ठेवावे, पाणी कोमट झाले की बदलावे आणि पळीने माल ढवळत राहावे. ते कोमट पाणी फेकू नका. त्यातच भांडी विसळता येतात.

नियम एवढाच की शिजल्यापासून दोन तासांच्या आत अन्न लहान, उथळ डब्यांत फ्रीजमध्ये गेले पाहिजे. उकळते पातेले तसेच आत ठेवू नये. त्याने आतील बाकीचे अन्न तापते. डब्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावे, कारण थंड हवा खेळली तरच थंडावा पोचतो. वीज गेली तर दार उघडू नये; बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो.

किती दिवस टिकेल?

फ्रीजमध्ये ठेवलेले शिजवलेले अन्न तीन ते चार दिवसांत संपवावे. रविवारची उसळ बुधवारपर्यंत. म्हणून या लेखाला 'दिवस चार' असे नाव दिले आहे. सात दिवसांचा हट्ट धरू नये. ज्याला अधिक टिकवायचे ते उणे १८ अंशांच्या बर्फकप्प्यात जावे. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवले की एका वेळेला एक वडी काढता येते. आले-लसणाचे वाटण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याची चाल मात्र सोडावी. तेलाखाली हवा पोचत नाही, आणि हवा नसेल तेथेच वाढणारे काही अत्यंत विषारी जंतू आहेत. ते फ्रीजमध्येच हवे. दाण्याच्या कुटाचे तसे नाही. त्यात पाणी फारच थोडे असते आणि पाण्याविना जंतू वाढत नाहीत. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ते बाहेर राहते. वाळवणे टिकतात तीही याच कारणाने.

कोणता डबा केव्हाचा, हे बुधवारी कोणालाच आठवत नाही. यावरचा उपाय पनवेलकरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलमध्ये श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला. कोणत्याही औषधाची बाटली हातात घेऊन पाहा: तिच्यावर घाण्याचा क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि मुदत छापलेली असते. काही बिघडले तर नेमका तोच घाणा शोधून काढता यावा, यासाठी ही व्यवस्था. आपणही डब्यावर कागदाची पट्टी चिकटवून पदार्थ, तारीख आणि 'कधीपर्यंत' एवढे तीन शब्द लिहावेत. जुना डबा पुढे, नवा मागे. वास चांगला येतो म्हणून मुदत संपलेला डबा खाऊ नये. विषाला नेहमी वास असतोच असे नाही.

करून पाहा

१. दोन भांडी घ्या: एक उभा लोटा, एक पसरट थाळा. मोठ्यांच्या मदतीने दोन्हींत अर्धा-अर्धा लिटर, सुमारे ६० अंश तापलेले पाणी ओता. शाळेच्या प्रयोगशाळेतील रंगीत द्रवाच्या तापमापीने दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. ताप पाहायची घरची तापमापी येथे चालणार नाही. का, ते सांगा. दोन्हींचे आलेख एकाच कागदावर काढा.

२. हाच प्रयोग लोटा थंड पाण्याच्या परातीत ठेवून पुन्हा करा. तिसरा आलेख कोठे येतो?

३. पेलाभर पाणी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी त्याचे तापमान पाहा. ते ५ अंशांहून अधिक असेल तर घरी सांगा आणि फ्रीजची कळ एक घर पुढे करा.

४. वरच्या आठ कामांच्या यादीत घरात दोन कुकर आणि काम करणारे दोघे आहेत असे धरा. कमीत कमी किती वेळ लागेल? आता काम कोठे तुंबते: कुकरपाशी की हातांपाशी?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर काढल्यावर एक गोष्ट तुमच्या ध्यानात येईल. यंत्र वाढवले की काम हातांपाशी तुंबते, आणि हे हात बहुतेक घरांत एकाच माणसाचे असतात. तेव्हा येत्या रविवारी शेंगा सोलायला, पट्ट्या लिहायला आणि भांडी विसळायला तुम्ही ओट्यापाशी हजर राहा.